पेटंट कोणाच्या नावावर: विद्यार्थ्याच्या, गाईडच्या की विद्यापीठाच्या?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. एम.टेक.च्या प्रोजेक्टमध्ये तू कापसाच्या गंजीत खुपसून आतला ओलावा मोजणारा दांडा बनवलास. सेन्सरचे पैसे हिंगणघाटच्या एका जिनिंगवाल्याने दिले. आता कॉलेज म्हणतं, पेटंटच्या अर्जात अर्जदार फक्त संस्था. गाईड म्हणतात, संशोधक म्हणून पहिलं नाव माझं. जिनिंगवाला म्हणतो, बनवायचे हक्क मला लिहून दे. आणि पुढच्या महिन्यात प्रोजेक्ट एक्झिबिशन आहे. काका म्हणालास म्हणून एकेरीतच लिहितो.

आधी एक्झिबिशनचं बघ, मालकीचं मग. अर्ज दाखल व्हायच्या आधी दांडा आतून कसा चालतो हे चारचौघांत सांगितलंस तर नावीन्य गेलं, मग मालकीवरून भांडायला काही उरतच नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये प्रदर्शनाची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला. कॉलेजच्या हॉलमधलं टेबल त्यात बसत नाही. तेव्हा आधी प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं तात्पुरतं वर्णन टाका, पूर्ण स्पेसिफिकेशन द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीला १,६०० रुपये, आणि २०२१ पासून शिक्षणसंस्थांनाही तेवढीच. एवढ्यासाठी कोणी 'बजेट नाही' म्हणत असेल तर ऐकून घेऊ नकोस.

आता मालकी. पेटंट कायदा, १९७० नुसार अर्ज करण्याचा हक्क खऱ्या आणि पहिल्या संशोधकाचा, किंवा त्याने ज्याला तो हक्क लिहून दिला त्याचा. विद्यार्थ्याने विद्यापीठात बसून केलं म्हणून ते आपोआप विद्यापीठाचं, असं त्या कायद्यात कुठेही नाही. पगारी प्राध्यापकांच्या बाबतीतही संस्थेचा हक्क येतो तो सेवाशर्तींतून. तू तर नोकरदारही नाहीस, महिन्याचे १२,४०० रुपये ही स्कॉलरशिप आहे, पगार नव्हे. म्हणजे संस्थेचा हक्क येणार तो तुझ्या सहीतूनच. ॲडमिशनच्या दिवशी ज्या गठ्ठ्यावर भराभर सह्या केल्यास त्यात एखादं हमीपत्र असतं: 'संस्थेचे बौद्धिक संपदा धोरण मला मान्य आहे'. तो कागद आणि ते धोरण, दोन्हींची प्रत आधी माग. धोरण मंजूर कधी झालं ती तारीखही बघ. तुझ्या ॲडमिशननंतर झालं असेल तर मुद्दा तुझ्या बाजूने झुकतो.

दुसरी सही याहून महत्त्वाची, आणि ती तू अजून केलेली नाहीस. पेटंट अर्जाच्या फॉर्म १ मध्ये शेवटच्या भागात संशोधकांचं घोषणापत्र असतं. त्यात 'अर्जदार हा माझा असायनी (ज्याला हक्क लिहून दिला तो) आहे' अशा अर्थाची ओळ असते. पोरं समजतात की आपण नुसतं 'मी शोध लावला' म्हणून सही करतोय. प्रत्यक्षात हक्क संस्थेला दिला, हे तिथे तू स्वतः कबूल करतोस. अर्जदाराच्या रकान्यात कोणाकोणाची नावं आहेत ते बघितल्याशिवाय तिथे पेन टेकवू नकोस.

'फक्त संस्था' ही मागणी मला तरी जास्तीची वाटते. केंद्राच्या शिक्षण खात्याने २०१९ मध्ये विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण काढलं. त्यात म्हटलंय की संस्थेच्या सोयी किंवा पैसा भरीव प्रमाणात वापरला, किंवा काम अभ्यासक्रमाचा भाग असेल, तर मालकी संशोधक आणि संस्था यांची संयुक्त. तुझा प्रोजेक्ट अभ्यासक्रमातलाच, त्यामुळे 'सगळं माझंच' हा तुझा हट्टही टिकायचा नाही. वाद झाला तर किमान पाच जणांची समिती नेमावी, त्यात एक कायदेतज्ज्ञ असावा, हेही तिथे आहे. मात्र ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. शेवटी बांधील राहशील ते तुझ्या संस्थेने स्वीकारलेल्या धोरणाला आणि तुझ्या सहीला.

संयुक्त मालकी मिळाली की सुटलो, असंही नाही. वेगळा करार नसेल तर पेटंट कायद्याच्या कलम ५० प्रमाणे सगळ्या मालकांचा हिस्सा सारखा. हे सामाईक विहिरीसारखं आहे: आपल्या वावराला पाणी ज्याने त्याने घ्यावं, पण तिसऱ्याला द्यायचं तर सगळ्यांचा होकार लागतो. तू स्वतः दांडे बनवून विकलेस तर संस्थेला हिशेब द्यावा लागत नाही. पण जिनिंगवाल्याला लायसन्स द्यायचं किंवा स्वतःचा हिस्सा विकायचा तर संस्थेची संमती हवीच, आणि ती फाईल दोन-दोन वर्षं कपाटात राहू शकते. म्हणून आत्ताच, सगळे गोडीत आहेत तोवर, लेखी करार करून घे: लायसन्सच्या पैशांत कोणाचे किती टक्के, संमतीला जास्तीत जास्त किती दिवस, आणि पेटंटची वार्षिक फी कोण भरणार. शेवटचं कोणी विचारत नाही, आणि फी न भरल्याने पेटंट मरतं.

गाईडच्या नावाचं लवकर उरकतो. क्रमाला कायद्यात किंमत नाही, पहिलं असो की तिसरं. प्रश्न एवढाच की शोधाच्या गाभ्यात त्यांची भर आहे का. टोकापासून तीन खोलींवर वाचन घेऊन सरासरी काढायची कल्पना त्यांची होती असं तूच लिहिलंस, म्हणजे ते संशोधक आहेतच. विभागप्रमुखांचं नाव 'रीत म्हणून' घालायला सांगतात, ते मात्र घालू नकोस. खोटा संशोधक दाखवणं पुढे विरोधकाच्या हाती आयतं कोलीत.

दांड्यातल्या मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे सेन्सर चालवणाऱ्या चिपचा, कोड वेगळा धर. त्याला कॉपीराइट लागतो, आणि १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीत नसलेल्याने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तो लिहिणाराच. संस्थेच्या धोरणात कोडचा उल्लेख आहे का ते तपास. नसेल तर गप्प बस आणि तारखेनिशी जपून ठेव.

जिनिंगवाल्याला सध्या काहीच लिहून देऊ नकोस, त्यांच्या गेटवर 'व्हिजिटर फॉर्म' म्हणून काही पुढे केलं तरी नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठ २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलं ते अशाच कागदावरून. त्यांच्या संशोधकाने विद्यापीठाला 'हक्क देण्याचं मान्य करतो' असं लिहून दिलं होतं, आणि नंतर एका कंपनीत काम शिकायला गेल्यावर तिथल्या कागदावर 'याद्वारे हक्क देत आहे' यावर सही केली. पहिलं नुसतं वचन, दुसऱ्यात हक्क तिथेच दिला, म्हणून कंपनीचा कागद वरचढ ठरला. तुझ्या जिनिंगवाल्याला सांग, पैशांची पावती देतो, लायसन्सचं अर्ज झाल्यावर संस्थेसोबत बसून बोलू.

अर्ज पेटंट ऑफिसच्या मुंबई कार्यालयाच्या अखत्यारीत जातो, पण सगळं ऑनलाइन होतं. समजून घ्यायला मुंबईला जायची गरज नाही, नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये हिस्लॉप कॉलेज रोडवर राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तिथे याचेच वर्ग चालतात. आणि धोरणाची प्रत मागशील ती ईमेलवर माग, केबिनमध्ये तोंडी नको. आली की नावं झाकून त्यातलं मालकीचं कलम इथे टाक, बघतो.