आधी मागची बाजू पाहा
जुनी चांदी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लग्नानंतर मी नॉर्वेत, बर्गनला आले. सासूबाईंनी त्यांच्या आजीचं चांदीचं बकल मला दिलं आहे. त्याचे दोन भाग आहेत, एकाला आकडा आणि दुसऱ्याला फासा. गडद निळा मीना आहे आणि त्याखाली किरणांसारख्या बारीक लहरी दिसतात. कडेने एकमेकांत गुंतलेले ड्रॅगन आहेत. मागे ‘८३० एस’ आणि ‘एम’ अक्षरातून आरपार गेलेला हातोडा, असे दोन शिक्के आहेत. घरात सगळे म्हणतात की हे व्हायकिंगांच्या काळातलं आहे. ते नक्की किती जुनं असेल? एका कोपऱ्यातल्या मीन्याचा टवका उडाला आहे, तो भरून घेऊ का?

उत्तर : पुढच्या बाजूचं वर्णन तुम्ही छान केलंत, पण मला सर्वांत जास्त आनंद झाला तो तुम्ही बकल उलटं करून पाहिलंत याचा. दागिन्याची पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी सजवलेली असते. मागच्या बाजूला कारागीर आणि कायदा दोघेही आपली खूण ठेवून जातात.

हातोडा असलेलं ‘एम’ ही मारियस हामर यांची खूण. त्यांची पेढी तुमच्याच बर्गनमध्ये १८७१ मध्ये सुरू झाली. चांदीचे चमचे, बटणं, तारकाम आणि मीनाकाम यासाठी तिचं नाव होतं, आणि फिओर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, पाहायला येणारे परदेशी प्रवासीही तिचा माल घेऊन जात. म्हणजे तुमचं बकल बहुधा फार लांबून आलेलं नाही.

‘८३० एस’ म्हणजे हजार भागांत ८३० भाग शुद्ध चांदी. नॉर्वेत हा दर्जा आणि तो असा आकड्यात उमटवण्याची पद्धत १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला रुळली. त्यामुळे हा शिक्का असलेली वस्तू त्याआधीची नसते. व्हायकिंग म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे उत्तरेकडचे दर्यावर्दी, तेव्हा त्यांच्या काळाचा प्रश्न इथेच निकालात निघतो. तरी घरातल्यांचा समज अगदी निराधार नाही, म्हणून ड्रॅगनबद्दल थोडं सांगते.

नॉर्वेत १८८० मध्ये गोकस्टाड इथे व्हायकिंग जहाज उकरून काढलं गेलं आणि १९०४ मध्ये ओसेबर्गचं. नॉर्वे तेव्हा स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली होता, १९०५ मध्ये तो वेगळा झाला. स्वतःचं काहीतरी जुनं आणि अभिमानाचं शोधणाऱ्या त्या पिढीने जहाजांवरची आणि लाकडी चर्चवरची गुंतागुंतीची नक्षी घरांवर, खुर्च्यांवर, चांदीवर आणली. ही ड्रॅगनशैली. तुमच्या बकलावर व्हायकिंग आहेत ते त्यांची आठवण म्हणून, आणि ती आठवण जागवणारी माणसं तुमच्या सासूबाईंच्या आजीच्या काळातली होती. मला हे खऱ्या व्हायकिंग वस्तूइतकंच मोलाचं वाटतं.

आता मीना. तुम्हाला दिसणाऱ्या लहरी मीन्यात नाहीत, त्याखालच्या चांदीत आहेत. चांदीवर यंत्राने बारीक रेषा कोरायच्या आणि वर पारदर्शक मीना भाजायचा. प्रकाश काचेतून खाली जातो, रेषांवर आपटून परत येतो, म्हणून बकल हलवलं की निळाई हलल्यासारखी वाटते. या कोरीव कामाला गिलोशे म्हणतात. स्वस्त मालात रेषा कोरलेल्या नसतात, साच्याने दाबलेल्या असतात. दहापट भिंगातून पाहा. कोरलेल्या रेषेची कड धारदार असते आणि तळ चकाकतो. दाबलेल्या रेषेची कड गोलसर, थोडी आळसावलेली असते. दोन्ही भागांवर अगदी त्याच जागी तोच दोष दिसला, तर साचा समजावा.

निळा रंग कोबाल्ट या धातूपासून येतो. नॉर्वेत मॉडुमला कोबाल्टपासून निळा रंग बनवण्याचा मोठा कारखाना होता. तो १७७६ मध्ये सुरू झाला आणि १८९८ मध्ये बंद पडला. एखादा विक्रेता तुमच्या मीन्याचं नातं त्या कारखान्याशी जोडून किंमत वाढवू पाहील. रंगावरून असं काहीही सिद्ध होत नाही.

काळ ठरवताना मी कापडाचाही विचार करते. बकलाच्या मागच्या पट्ट्यांतून रुंद रिबीन किंवा पट्टा जाईल अशी जागा आहे ना? बारीक कमर, लांब घागरा, वर ब्लाउज आणि मध्ये ठळक बकल हा पेहराव १८९० च्या दशकापासून पहिल्या महायुद्धापर्यंत चालला. विशीच्या दशकात पोशाखाची कमर खाली सरकली आणि असं बकल मिरवायला जागाच उरली नाही. शिक्का, ड्रॅगन आणि हा पेहराव एकत्र धरले तर मी १९०० ते १९१४ असा काळ सांगेन. शिक्क्यांत ‘स्टर्लिंग’ (म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी) किंवा ‘नॉर्वे’ नाही हेही याला धरूनच आहे, कारण ‘९२५ एस’, ‘स्टर्लिंग’, ‘नॉर्वे’ असे शिक्के एकत्र दिसतात ते प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या निर्यातीच्या मालावर. अर्थात, एखादा शिक्का नसणं हा दुय्यम पुरावा. त्यावर एकट्यावर मी काही ठरवणार नाही.

एक तपासणी राहिली. अशी बकलं पुढे ब्रोच म्हणून वापरली गेली, तेव्हा मागे टाचणी जोडली जाई. मागे कुठे करड्या रंगाचा, मऊ दिसणारा डाख आहे का, ते पाहा. असला तर तो नंतरचा. चांदीचा मूळ डाख पांढरा आणि नेटका असतो.

टवका भरून घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. मीना ही काच आहे. साधारण आठशे अंशांच्या आसपास भट्टीत ती चांदीवर वितळवलेली असते. एक कोपरा पुन्हा भाजायला जाल तर उरलेला शंभर वर्षांचा मीना तडकू शकतो, आणि कोणी ज्योत लावून डाख दिला तर हमखास तडकेल. बाजारात बहुतेक जण थंड राळ भरून देतात. ती सुरुवातीला शोभते, मग पिवळी पडते, आणि अतिनील दिव्याखाली अनेकदा वेगळीच चमकते. टवक्याची कड सैल असेल तरच वस्तुसंवर्धकाकडे जा. मऊ कोरड्या कापडाने पुसणं पुरेसं आहे. चांदी उजळवण्याचं द्रावण आणि अल्ट्रासोनिक यंत्र दोन्ही टाळा.

प्रश्न : माझ्याकडच्या डॅनिश बकलावर ‘८२६ एस’ आहे. ८३० पेक्षा कमी, म्हणजे हलका माल का? शेजारी तीन मनोरे आणि खाली १५ आहे.

उत्तर : हलका नाही. डेन्मार्कच्या १८९३ च्या कायद्याने किमान दर्जा ८२६ ठरवला होता, तुमचं बकल तो पाळतं. तीन मनोरे हा कोपनहेगनचा तपासणी शिक्का, आणि खालचा १५ म्हणजे १९१५. शेजारी सी, एफ आणि एच ही अक्षरं जोडून कोरलेली दिसतात का बघा. ती तपासनीस ख्रिश्चन हाइसे यांची खूण, १९०४ ते १९३२ या काळातली. दोन्ही जुळले तर तारखेबद्दल शंका राहत नाही.

प्रश्न : स्वीडिश बकलावर तीन मुकुट, ‘एस’ आणि ‘एम ७’ असा शिक्का आहे. ‘ए ७’ म्हणजे १९०३ असं वाचलं, म्हणून मी १९१५ काढलं. बरोबर?

उत्तर : एक वर्ष मागे या, १९१४. दर वर्षाला एक अक्षर देणाऱ्या स्वीडनच्या या वर्षमालेत चोवीसच अक्षरं आहेत. ‘जे’ आणि ‘डब्ल्यू’ वगळलेली असतात, त्यामुळे ‘आय’नंतर थेट ‘के’ येतं. ही माला १९२६ मध्ये ‘झेड ७’वर संपली आणि १९२७ ला ‘ए ८’ मिळाला. मात्र अक्षर वाचताना बकल आडव्या प्रकाशात धरा. झिजलेला ‘एन’ अनेकदा ‘एम’सारखा दिसतो, आणि तसं असेल तर तुमचं १९१५ च खरं ठरेल.