डग्गा मुका राहतो तेव्हा

तुमचा मुलगा दहावीत आहे, सात वर्षं तबला शिकतोय. स्पर्धेत नंबर आला नाही, कारण तुमच्या मते त्याचा रेला (तबल्याच्या बोलांची जलद, सलग लड) पुरेसा जलद नव्हता. गुरुजी मात्र चार महिने त्याला गाण्याच्या वर्गात ‘नुसता ठेका’, म्हणजे तालाचे ठरलेले मूळ बोल, धरायला बसवतात. म्हणून क्लास बदलावा का, असं तुम्ही विचारता.

बदलू नका.

पत्रात मला टोचलं ते वेगळंच. तुम्ही रोज रात्री रियाजाचा व्हिडिओ काढता, मेट्रोनोमचा (लय मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा वहीत लिहिता आणि तो कालच्यापेक्षा कमी भरला तर जेवताना विषय काढता. पंधरा वर्षांच्या पोराच्या ताटात आकडा वाढू नका. धास्तीने मनगट आखडतं, आणि आखडलेल्या मनगटातून तिरकिटसारखा जलद बोल स्वच्छ निघत नाही. तुम्हाला हवा असलेला वेगसुद्धा त्या वहीपाशीच अडलाय. ती वही आजच बंद करा.

‘ठेका काय, कुणीही धरेल’ असं तुम्ही लिहिलंय. हा गैरसमज फार घरांत आहे. सोळा मात्रांच्या तीनतालात दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत, तिं तिं ता ता, डग्गा (डाव्या हाताचा घुमणारा भाग) मुका राहतो. चौदाव्या मात्रेला घुमारा परत येतो आणि आलापात हरवलेल्या गायकाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, किती दूर आहे ते कळतं. त्या चार मात्रांत हाताला खाज सुटून कुणी डग्ग्यावर थाप घातली, तर गायकाची वाटच पुसली. विलंबित ख्यालात एकतालाच्या बारा मात्रांचं आवर्तन पाऊण मिनिटही चालतं. दोन बोलांमधली ती मोकळी जागा न घाईने, न रेंगाळता सांभाळायला जी बैठक लागते, ती रेल्याच्या रियाजातून आपोआप येत नाही. अहमदजान थिरकवाँ एकल तबल्याचे बादशहा, पण तेच गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करत. कुमार गंधर्वांमागचा वसंतराव आचरेकरांचा ठेका ऐका, मुलाबरोबर बसून ऐका. रेला शिकूच नये असं मी म्हणत नाही. वेगाची तयारी हवीच, पण ती कुठे आवरायची हे गायकाशेजारी बसल्यावरच समजतं, आणि गुरुजी तेच शिकवतायत.

पोटापाण्याचंही स्पष्ट सांगते. एकल वादनाचे कार्यक्रम मोजक्यांच्याच वाट्याला येतात. बहुतेक तबलजींचं घर चालतं ते गाण्याच्या आणि कथकच्या साथीवर, नाट्यसंगीत-अभंगांच्या कार्यक्रमांवर आणि शिकवण्यांवर. तिथे पुन्हा बोलावणं येतं ते ज्याच्या ठेक्यावर गायक निर्धास्त असतो त्याला. तबल्याची विशारद परीक्षा, आकाशवाणीची ऑडिशन, पुण्याच्या ललित कला केंद्रातली पदवी, हे मार्ग आहेतच. त्यावर बारावीच्या सुमारास बोलू. तोवर कॉलेजची शाखा त्याला झेपेल ती घेऊ द्या.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की दर एकादशीला तो आजीच्या भजनाला वाजवतो, ‘पण त्यात विशेष काही नाही’. त्याच्याविषयी सगळ्यात कामाचं वाक्य मला तेच वाटलं. येत्या एकादशीला फोन आत ठेवून तिथे बसा. आजीला दम लागून ओळ मध्येच थांबते, तेव्हा तो काय करतो ते नीट ऐका आणि मला कळवा.