सहा एमएमचा हट्ट आणि रिकामा फलाट

'माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. एनसीसीत पॉइंट टू टूवर (०.२२ इंची रायफलवर) त्याचा नेम चांगला लागला, तेव्हापासून दीड वर्ष एअर रायफल करतोय. शालेय स्पर्धेत विभागापर्यंत गेला. आता म्हणतो, एअर रायफलला फार गर्दी आहे, मी ३०० मीटर खेळणार. त्यासाठी सहा एमएम बीआर रायफल पाहिजे. आपल्याकडे ती फारसं कोणी वापरत नाही, म्हणून लवकर वर जाईन, असं त्याचं गणित. कापसाचे पैसे आले की घेऊन द्या म्हणून मागे लागलाय. पोऱ्या काही ऐकस नही. या कॅलिबरला (नळीच्या मापाला) भवितव्य आहे का?'
– एक पालक, शिरपूर तालुका

रामराम दादा,

पोऱ्या ऐकत नसेल, पण वाचतो बरंच. सहा एमएम बीआरचं नाव अकरावीतल्या मुलाच्या तोंडून मी तरी पहिल्यांदाच ऐकतोय. आणि रायफलीबद्दल तो चुकीचं बोलत नाही. ३०० मीटरला आठ मिलिमीटरपर्यंतचं कॅलिबर चालतं. पूर्वी तिथे ७.६२ मिलिमीटरचा जोर होता. पण गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्याने अशा गोळ्यांमागून गोळ्या मारायच्या, तर तिचा दणका खांदा सोसतो, मन सोसत नाही. ट्रिगर दाबायच्या ऐन क्षणी डोळा मिटतो, अंग आखडतं. सहा एमएमची गोळी हलकी आणि लांबुडकी. धक्का कमी, आणि वाऱ्यात फार ढळत नाही. म्हणून जगभरातल्या ३०० मीटरवाल्यांनी ती उचलली. म्हणजे त्या खेळात ती नावाजलेलीच आहे, आपल्याकडे तेवढी अनोळखी.

पण फलाट रिकामा दिसला म्हणून खूश होण्याआधी तिथे गाडी थांबते का, ते बघायला नको का? ३०० मीटर रायफल ऑलिम्पिकमध्ये शेवटची झाली १९७२ साली, म्युनिकला. जागतिक स्पर्धेत ती आजही आहे, पण सरकारी योजना, शिष्यवृत्त्या, नोकऱ्या यांचा ओढा ऑलिम्पिकच्या प्रकारांकडे. आणि ऑलिम्पिकमध्ये रायफलची कॅलिबरं दोनच: १० मीटरला ४.५ मिलिमीटरचा छर्रा आणि ५० मीटरला पॉइंट टू टू.

आता काडतुसांचं बघा, कारण खरा खर्च तिथेच आहे. पॉइंट टू टूसारख्या रुळलेल्या कॅलिबरमध्येसुद्धा एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसं लॉटनुसार, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या खेपेनुसार, वेगळी वागतात. एक लॉट तुमच्या नळीतून सगळ्या गोळ्या एकाच भोकात घालतो, दुसरा विखुरतो. म्हणून मोठे नेमबाज लॉट तपासून, निवडून घेतात. कॅलिबर चलनी असण्याचा हाच फायदा, निवडायला माल असतो. सहा एमएमला आपल्याकडे जे आलं, जेव्हा आलं, ते घ्यायचं. परदेशात बरेच जण आपली काडतुसं घरीच भरतात. इथे परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, हे त्याला आजच सांगून ठेवा. व्हिडिओ त्यानेही पाहिले असतील.

गंमत अशी, की शिरपूरहून तापीच्या काठाकाठाने वर गेलं की वरणगाव. तिथल्या आयुध निर्माणीत ५.५६ आणि ७.६२ ची काडतुसं बनतात. आपल्याच खान्देशात. पण ती फौजेसाठी. तुमच्या मुलाला त्यातला एक डबाही दुकानातून मिळायचा नाही.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. १० मीटरच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. बाकी बंदुकीसाठी वयाची २१ वर्षं व्हायच्या आत स्वतःच्या नावावर परवाना सहसा मिळत नाही. प्रशिक्षणात, नियमांच्या चौकटीत तेवढं चालवता येतं. म्हणजे कापसाचे पैसे आले तरी रायफल त्याच्या नावावर येणार नाही.

तरीही मोठ्या कॅलिबरचं वेड खरंच असेल, तर त्याचा रस्ता तुमच्या गावावरूनच जातो. आग्रा रोडने पळासनेर, सेंधवा करत पुढे गेलं की महू. तिथे लष्कराचं आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पिस्तुलात रौप्य मिळवणारा विजय कुमार त्याच युनिटमध्ये घडला. फौजेत रायफल, काडतूस, रेंज, पगार, सगळं सरकारचं. ३०० मीटर खेळायचंच तर माझ्या मते ते वर्दीतून खेळावं, बापाच्या कापसावर नाही.

दुसरा रस्ता ५० मीटरचा. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला, २०१५ ला मध्य रेल्वेत लागला आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने) कांस्य घेऊन आला. नोकरी आधी, पदक नऊ वर्षांनी. तेव्हा वय होतं एकोणतीसला टेकलेलं. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यालाही मान्यताप्राप्त स्पर्धेतलं पदक लागतं. गर्दी टाळून लवकर वर जाण्याचा मार्ग मला तरी यात कुठे दिसत नाही.

म्हणून या वर्षी काहीही विकत घेऊ नका. क्लबची एअर रायफल पुरे. तो ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) खेळतो की पीप साइट (बारीक भोकातून नेम), हे तुम्ही लिहिलेलं नाही. ओपन असेल तर आधी पीपवर जाऊ दे. उरलेला पैसा रायफलीपेक्षा नेमबाजीच्या चांगल्या जॅकेटवर आणि प्रवासावर घाला.

आणि एक शंका, रागावू नका. वह्या तपासून बघा. गोळीचं वजन, वेग, वारा यांचे तक्ते भरलेले असतील आणि स्वतःचे गुण कुठेच नसतील, तर पोराला नेमबाजीपेक्षा बॅलिस्टिक्स, म्हणजे गोळी कशी उडते याचं शास्त्र, आवडत असेल. तेही वाईट नाही. पुण्यात पाषाणला शस्त्रास्त्र संशोधनाची एआरडीई ही सरकारी प्रयोगशाळा आहे, आणि तिकडची वाट भौतिकशास्त्र किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधून जाते. अकरावीत आहे, हातात वेळ आहे.

पुढच्या पत्रात त्याच्या शेवटच्या दहा सिरीजचे (दहा गोळ्यांची एक सिरीज) गुण पाठवा. चांगल्या निवडून नकोत, ओळीने शेवटच्या दहा.