घटस्फोटाचा वकील पुण्यातला घ्यावा की कराडचा? माझं मत आणि अनुभव

तुझा प्रश्न दोनदा वाचला. लग्न कराडला, संसार हडपसरला, आता चार वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी कराडला आलीयेस, भावाने गूगलवरून पुण्यातल्या 'टॉप' वकिलांची यादी काढून दिलीये आणि त्यातला कोण घेऊ असं विचारतेस. माझं सरळ मत, आत्ता तरी त्यातला कोणीच नको. आधी केस कुठल्या कोर्टात टाकायची ते ठरव, मग वकील त्या कोर्टात रोज उभा राहणारा शोध. जवळचा वकील म्हणजे घराजवळचा नाही गं, कोर्टाजवळचा.

हिंदू विवाह कायद्याचं कलम १९ बघ. लग्न जिथे झालं तिथे, शेवटचे एकत्र राहिलात तिथे, समोरचा राहतो तिथे, आणि अर्ज बायकोने केला तर ती सध्या राहते तिथेही केस टाकता येते (हे शेवटचं २००३ साली आलं). म्हणजे तुला कराड दोन्ही बाजूंनी बसतं. पुण्याचा वकील कराडला येईलही, पण गाडीभाडं तुझ्याच डोक्यावर आणि त्याच दिवशी त्याचं पुण्यात दुसरं मॅटर लागलं की तुझी तारीख गेली वाया. नवऱ्याने आधीच पुण्यात टाकली असेल तर ट्रान्सफरसाठी हायकोर्टात अर्ज करता येतो, लहान मूल घेऊन बाईला यावं लागतंय याचा विचार कोर्ट करतं, पण तो खर्च वेगळा.

आणि ती 'टॉप टेन' यादी, वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या (वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था) नियमांनी बंदी आहे, त्यामुळे असल्या याद्या म्हणजे साइटवाल्यांचा धंदा, त्यावरून काही ठरवू नकोस. "पोटगी मिळाली की त्यातले इतके टक्के द्या" म्हणणारा भेटला तर चहासुद्धा न पिता ऊठ, निकालावर फी ठरवणं त्यांना चालतच नाही.

माझी केस शिवाजीनगरला फॅमिली कोर्टात होती. पहिला वकील काकांच्या ओळखीचा, मोठं ऑफिस, भिंतीवर फोटोच फोटो, ४० हजार एकरकमी घेतले, पावती नाही. नंतर सात तारखांना साहेब दोनदा दिसले, बाकी प्रत्येक वेळी नवीन ज्युनियर, आणि तो माझं नाव फाइलवर वाचून मलाच विचारणार "मॅडम, आपलं काय आहे?" शेवटी वैतागून मी काय केलं, एक सोमवार नुसती कॉरिडॉरमध्ये बसले. आत सगळीकडे सोडत नाहीत कारण अशा केसेस बंद दाराआड चालवता येतात, पण बाहेरच सगळं कळतं. पुकारा झाल्यावर कोण स्वतः धावतं, कोण अशिलाला बाजूला घेऊन समजावतं, कोण फक्त तारीख घेऊन निघून जातं. त्या दिवशी एक बाई वकील दिसल्या, पक्षकाराच्या आईला जिन्यावर बसवून अर्धा तास बोलत होत्या. पुढे माझी केस त्यांनीच चालवली.

पहिल्या भेटीत त्यांनी आधी विचारलं, घटस्फोटच हवाय की सध्या फक्त पोटगी? मग म्हणाल्या, मुलाला बापाची भेट द्यावीच लागेल, अडवायला बघाल तर केस बिघडेल. मला ते मुळीच आवडलं नव्हतं तेव्हा. पण जो वकील पहिल्याच दिवशी तुझ्या सगळ्याला हो म्हणतो त्याची मला आता भीतीच वाटते. अजून एक परीक्षा, त्याने स्वतःहून नवऱ्याच्या पगाराचे पुरावे मागितले का ते बघ. २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, तो विषयच काढला नाही तर समजून जा. म्युच्युअलची, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोटाची, शक्यता आहे का हेही त्याने विचारायला हवं. एक वर्ष वेगळे राहिलात की अर्ज करता येतो, पुढे सहा महिने थांबावं लागतं, पण ते योग्य केसमध्ये माफ होऊ शकतात असं २०१७ ला सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय.

नाव पक्कं करण्याआधी ई-कोर्ट्स ॲपमध्ये (कोर्टातल्या केसेसची माहिती देणारं सरकारी ॲप) कोर्ट निवडून वकिलाच्या नावाने शोध. घटस्फोट-पोटगीच्या केसेस किती दिसतात ते बघ, सगळे जमिनीचे दावे निघाले तर माणूस चांगला असेल पण तुझ्या कामाचा नाही.

फी बोलताना सगळं सुटंसुटं विचार, अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) पोटगीचा अर्ज त्यातच का, उलटतपासणीचे वेगळे का, टायपिंग नोटरी कोणाकडे. व्हॉट्सॲपवर लिहून घे, एवढं पुरतं. मी वकील बदलला तेव्हा बाकी पैसे दिल्याशिवाय फाइल देणार नाही म्हणून पहिल्याने तीन महिने लटकवलं, मी मुकाट भरले आणि नंतर कळलं की फीसाठी फाइल अडवता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा २००० सालचा निकाल आहे.

बजेट कमी आहे लिहिलंयस म्हणून सांगते, बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, १९८७ चा कायदा आहे. तालुका विधी सेवा समितीत चौकशी कर, किंवा १५१०० ला फोन लाव. फुकटचा म्हणजे टाकाऊ असं समजू नकोस, पण त्यालाही वरच्याच चाळणीतून गाळ.

आणि लग्नाचा पुरावा म्हणून लग्नाची निमंत्रणपत्रिका आईकडे असेल तर आजच काढून ठेव. माझी ऐनवेळी माळ्यावर दिवाळीच्या आकाशकंदिलात सापडली होती.