भेकाचे विष, कुत्र्याच्या तोंडाचा फेस आणि उसातली हुमणी

पहिला पाऊस पडला की गोठ्यात, हौदावर, अंगणातल्या बल्बखाली भेक, म्हणजे खरबरीत, गाठाळ पाठीचे बेडूक, दिसू लागतात आणि त्यांच्या मागोमाग प्रश्न येतात. यंदाचे प्रश्न साधारण असे: राखणीच्या कुत्र्याने भेक तोंडात धरला आणि फेस आला, काय करावे? भेक लांबून विष फेकतो का? हौदात भेक बसला तर ते पाणी गुरांना चालेल का? आणि दिसेल तो मारून टाकला तर काय बिघडले?

आधी विष कुठे असते ते पाहा. भेकाच्या डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना घेवड्याच्या दाण्यासारखे लांबट फुगवटे असतात. पाठीवरच्या काळ्या टोकाच्या गाठींतही विष असते, पण खरा साठा या दोन फुगवट्यांत. ते दाबले गेले की बारीक छिद्रांतून रुईच्या चिकासारखा पांढरा, चिकट द्रव येतो. त्याने तोंडाची आग होते आणि तो पोटात गेला तर हृदयाचे ठोके बिघडतात. कण्हेर खाल्लेल्या जनावराचे जे होते, त्याच जातीचा हा प्रकार. आपला भेक लांबून विष फेकत नाही. डिवचला की तो फुप्फुसांत हवा भरून फुगतो, पाय ताठ करून उंच होतो आणि डोके खाली घालून फुगवटेच पुढे करतो, म्हणजे चावा पडलाच तर तिथे पडावा. हातात घेतल्यावर जी धार सोडतो ती लघवी असते. तिने चामखीळ होत नाही, चामखीळ विषाणूमुळे होते. तरी भेक हाताळल्यावर डोळ्याला, तोंडाला हात लावू नका, साबणाने धुवा. डोळ्यात चीक गेलाच तर १५ मिनिटे स्वच्छ पाणी सोडा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता कुत्रा. फेस दिसला म्हणून लगेच तोंडात हात घालू नका. कुत्रा एक-दोन दिवसांपासून खात नसेल, आवाज बदलला असेल, जबडा लोंबत असेल तर पिसाळल्याचा संशय धरा आणि लांबूनच दवाखान्याला कळवा. भेक धरताना पाहिले असेल किंवा कुत्रा आत्तापर्यंत धडधाकट होता आणि अचानक लाळ गाळू लागला, पंजाने तोंड घासू लागला, हिरड्या लालभडक झाल्या, तर हातमोजे घालून कामाला लागा. तोंड जमिनीकडे झुकवा. ओल्या फडक्याने हिरड्या, जीभ, टाळू पुसा आणि प्रत्येक वेळी फडके खळबळून घ्या, कारण चीक नुसत्या पाण्याने सुटत नाही. मग पाइपची मंद धार जबड्याच्या कोपऱ्यातून बाहेरच्या दिशेने सुमारे १० मिनिटे सोडा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. तोंड वर करून पाणी ओतले की विष पोटात आणि पाणी फुप्फुसात जाते. दूध, तूप, मिठाचे पाणी काहीही पाजू नका, उलटी करवू नका.

नुसती लाळ असेल तर बहुतेक वेळा धुतल्यावर उतार पडतो. झोकांड्या, थरथर, झटके किंवा ठोके अनियमित वाटले तर वाट पाहू नका, दवाखाना गाठा किंवा १९६२ या जनावरांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पिल्ले आणि लहान चणीची कुत्री यांना धोका जास्त. शेतात दोन दिवसांत कोणती फवारणी झाली तेही सांगा, कारण काही कीटकनाशकांच्या विषबाधेतही अशीच लाळ गळते आणि उपचार वेगळा असतो.

कुत्र्याची नि भेकाची गाठ बहुधा बल्बखालीच पडते. उजेडाला किडे, किड्यांना भेक, आणि भेकामागे साप. धामण, नाग, विरोळा भेक गिळतात, कारण या विषाचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून कुत्रा बांधायची जागा आणि रात्रभर जळणारा दिवा लांब ठेवा.

हौदात जिवंत भेक बसल्याने पाणी विषारी होत नाही, कारण दाबल्याशिवाय विष फारसे बाहेर येत नाही. पण भेक मरून कुजला असेल तर हौद रिकामा करून घासा. कुत्र्याचे पाण्याचे भांडे मात्र रोज सकाळी बदला.

मारण्याबद्दल स्पष्टच सांगतो: मारू नका. भेक रात्रभर भुंगेरे, वाळवी, अळ्या खातो. पण किडे खातो म्हणून तो कुठून तरी गोळा करून उसात सोडायचीही गरज नाही. ऑस्ट्रेलियात १९३५ साली उसातल्या भुंगेऱ्यांसाठी अमेरिका खंडातला मोठा भेक सोडला. भुंगेरे उसाच्या शेंड्याला आणि भेक जमिनीवर, त्यामुळे कीड हटली नाही. उलट तिथल्या घोरपडी या विषाला सरावलेल्या नव्हत्या, त्या भेक खाऊन मेल्या.

आपल्याकडेही हुमणी या मुळे खाणाऱ्या किडीची अळी जमिनीत असते, तिथे भेक पोहोचत नाही. तिचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी बाभूळ-कडुनिंबावर जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते पाडा, गोळा करा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. गावाने एकाच वेळी केले तरच उपयोग, नाहीतर शेजारच्या बांधावरून पुन्हा येतात.

शेततळ्याच्या गुळगुळीत प्लास्टिकवरून भेकाला वर चढता येत नाही, तो बुडून मरतो आणि पाणी कुजते. चारही कोपऱ्यांत काथ्याचा जाड दोर तळापर्यंत सोडून वर खुंटीला बांधा.