टाकीचा लोखंडी स्टँड डोलत असेल तर

आपली माशांची काचेची टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. एक इंची चौकोनी पाइपचा घरी वेल्ड केलेला स्टँड हाताने ढकलल्यास डावी-उजवीकडे डोलतो, म्हणून मधोमध आणखी दोन पाय लावावेत का, असे आपण विचारले आहे. त्या पायांनी वरच्या पाइपचा झोल कमी होईल, पण डोलणे थांबणार नाही.

चार पाइपांची चौकट केवळ कोपऱ्यांच्या जोरावर उभी असते, आणि पाइप बारीक असला की ती सहज तिरकी होते. त्रिकोण मात्र बाजूंची लांबी बदलल्याशिवाय आकार बदलत नाही. म्हणून मागच्या बाजूला २५ मिमी रुंद आणि ५ मिमी जाड पट्ट्यांची फुली मारावी. पट्टी ताण सोसते, पण दाबाखाली वाकते. त्यामुळे दोन्ही दिशांसाठी दोन पट्ट्या लागतात. आखूड बाजूंना एकेक तिरपा पाइप पुरेल, कारण पाइप दाबही सोसतो. पुढची बाजू फिल्टरसाठी मोकळी ठेवता येते. मात्र वर १९ मिमी प्लाय फ्रेमला स्क्रूने घट्ट बसवावा, म्हणजे पुढचे पाय मागच्या फुलीशी बांधले जातात.

टाकी काठोकाठ भरली की सुमारे २५५ लिटर पाणी मावते. काच आणि वाळू धरून वजन साडेतीनशे किलोच्या आसपास जाते. त्यामुळे टाकी रिकामी करून उतरवल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आधी नुसते टाके (छोटे, तात्पुरते वेल्ड) मारून चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत, ते सारखे भरले तरच पक्के वेल्डिंग करावे, आणि तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून-पालटून, कारण वेल्ड थंड होताना आकसतो आणि फ्रेमला आपल्याकडे ओढतो.

दोरी ताणून पाहिल्यावर वरच्या पाइपला झोल दिसला, तर तो बदलून पत्र्याच्या तेवढ्याच जाडीचा ५० × २५ मिमी पाइप, ५० मिमीची बाजू उभी ठेवून, बसवावा. १.६ मिमी जाडीत त्याचा ताठपणा पाचपटीहून अधिक होतो. तोच पाइप आडवा ठेवला तर दुप्पटही होत नाही.

शेवटी चारही पाय फरशीला टेकतात का, ते पाहावे. एखादा अधांतरी असेल तर त्याच्याखाली लोखंडी पत्र्याचा तुकडा सरकवावा. फ्रेमला पडलेला पीळ काचेखालचा थर्माकोल भरून काढत नाही. तो पीळ थेट काचांच्या सिलिकॉनच्या जोडांवर येतो.