आई-वडिलांना घेऊन व्हिएतनामला जातोय. पैसे कसे न्यावेत, तिथे काय काळजी घ्यावी?

थोडे डॉलर न्या, डाँग (व्हिएतनामचं चलन) तिथे गेल्यावर घ्या आणि सोबत एक कार्ड ठेवा. इथूनच डाँग घेऊन जायचा खटाटोप करू नका, भाव चांगला मिळत नाही. डॉलरच्या नोटा मात्र कोऱ्या करकरीत मागून घ्या. फाटकी, शिक्का मारलेली किंवा शाईचा डाग पडलेली नोट तिथे कमी भावाने घेतात, कधी घेतच नाहीत.

खरं लक्ष द्यायचं ते पैसे हातातून देताना. २० हजारांची आणि ५ लाखांची अशा दोन्ही नोटा निळसर, दोन्ही प्लॅस्टिकच्या, दोन्हींवर हो चि मिन्ह यांचा चेहरा. संध्याकाळी टॅक्सीत बसून पाकीट उघडलं की फरक कळत नाही. रुपयाला साधारण ३०० डाँग धरले तर पहिली नोट ६५-७० रुपयांची आणि दुसरी साडेसोळाशेच्या आसपास. म्हणून ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि हॉटेलात किंवा मोठ्या दुकानातच मोडा. वडिलांच्या खिशात लहान नोटाच द्या. एवढी शून्यं मोजायला वेळ लागतो, मागे लोक खोळंबलेत असं वाटतं आणि मोठी माणसं घाईने हाताला लागेल ती नोट पुढे करतात. आईलाही हिशेब शिकवून ठेवा: शेवटची दोन शून्यं काढायची आणि तिनाने भागायचं. ५० हजार म्हणजे ५०० भागिले ३, साधारण १६७ रुपये. बाजारात 'हजार' बरेचदा गाळतात, त्यामुळे पाटीवर नुसतं ५० दिसलं तर ते ५० हजार समजा.

कार्डाचं म्हणाल, तर निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्डांवर तो मुळात बंदच असतो. ओटीपीसाठी भारतातलं सिम रोमिंगसह चालू राहू द्या. एटीएम किंवा दुकानातल्या मशीनने 'रुपयांत की डाँगमध्ये' असं विचारलं, तर दर वेळी डाँग निवडा. रुपये निवडले की भाव ते मशीनवाले लावतात, आणि तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो. पडद्यावर ओळखीचा रुपया दिसतो म्हणून माणूस तेच बटण दाबतो, तेव्हा हे घरच्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. एटीएममधून दर खेपेला वेगळं शुल्क कापलं जाऊ शकतं, त्यामुळे थोडे थोडे न काढता दोन-तीन दिवसांचे एकदम काढा आणि ते तिघांत वाटून ठेवा.